सुईनं कोरलेला ठिपका

निमाताई इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर बोटानं दोनदा टकटक करायच्या. आत चपट्या बाटल्यांमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढत असत. पहिल्या दिवशी ती टकटक पाहून मला हसू आलं. त्या मात्र गंभीर होत्या. "काऊन हसता भाऊ? जित्याच्या घरात शिरताना दार वाजवाव का नाई?"

ही गोष्ट १९९८ सालची. पीएच.डी.साठी मी साताऱ्याहून वर्ध्याच्या एका महाविद्यालयात आलो होतो. निमाताई तिथल्या जीवरसायन विभागात तंत्रज्ञ होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांचं. रोज सकाळी आंजीहून एसटीनं यायच्या. त्यांचे यजमान गावातच शिक्षक होते. ताई त्यांना 'मास्तर'च म्हणत. मी ताईंसारखं वऱ्हाडी बोलायला गेलो की त्या लगेच माझा उच्चार दुरुस्त करायच्या.

औषधानं कर्करोगाची पेशी नेमकी कशी मरते, हा माझा विषय. औषध पोचलं की पेशीत सेरामाइड नावाचा स्निग्ध पदार्थ वाढतो, आणि तो पुरेसा साठला की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. माझी प्रस्तावना यावर वीस पानं चालली होती. ताई म्हणायच्या, "औषध फकत सांगते भाऊ. मराचं काम पेशीच करते."

हे सेरामाइड पाहायची रीतही त्यांनीच मला शिकवली. काचेच्या पाटीवर सिलिकाचा पातळ थर द्यायचा, पेशींतून काढलेल्या चरबीचा थेंब तळाशी ठेवायचा आणि पाटी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं तसे निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या उंचीवर थांबतात. मग आयोडीनची वाफ दिली की पिवळे-तपकिरी ठिपके उमटतात. ते थोड्याच वेळात उडून जातात, म्हणून ताई प्रत्येक ठिपक्याची कड सुईनं कोरून ठेवत. हात इतका हलका की सिलिकाचा कणही सांडत नसे.

औषधाला न जुमानणाऱ्या पेशींवर मी आठ महिने घासत होतो. सेरामाइडचा ठिपका काही केल्या वाढेना. एकदा वैतागून पाटी कचऱ्यात टाकायला निघालो, तर त्यांनी मनगटच धरलं.

"फेकू नोका. सारखं वरतंच काऊन पाहून राह्यले? खाली पाहा ना."

खाली एक गडद ठिपका होता. जुन्या पाट्या काढल्या, तर सगळ्यांवर तो कोरलेला. मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्या पेशी सेरामाइड बनवत होत्या, पण लगेच त्याला साखरेचा एक रेणू जोडून निकामी करत होत्या; खालचा ठिपका त्या साखर लागलेल्या सेरामाइडचा होता. माझा सगळा प्रबंध पुढे त्या खालच्या ठिपक्यावर उभा राहिला.

पुढच्या वर्षी मास्तरांना रक्ताचा कर्करोग निघाला. पहिल्या फेरीला गुण आला, आणि सहा महिन्यांनी आजार परतला. पुन्हा तेच लाल औषध सुरू झालं, आमच्या बाटल्यांतल्या पेशींना देत होतो तेच. एका दुपारी काचा पुसता पुसता ताईंनी विचारलं, "भाऊ, ते साखर लागू न देणारं औषध कधी येईन?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दहा वर्षं तरी लागतील, ताई."

"हौ," एवढंच म्हणून त्या पुसत राहिल्या.

दोनच आठवड्यांनी रजा टाकून, डॉक्टरांशी बोलून, त्यांनी मास्तरांना घरी नेलं. उपचार अर्धवट सोडून! मी भडकलो. प्रयोगशाळेत जन्म काढलेली बाई असं वागते, असं विभागात सगळ्यांसमोर बोललोही. ते त्यांच्या कानावर गेलं असणारच.

माघात मास्तर गेले. चौदाव्या दिवशी ताई कामावर आल्या. मी एकटा असताना त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी काढून माझ्यासमोर ठेवली. ठिपके केव्हाच उडाले होते. उरल्या होत्या फक्त सुईच्या कडा. वरचा ठिपका बारीक, खालचा मोठा.

"हे मास्तरचं रक्त," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "एका पाटीवरून काही सिद्ध होत नाही, ताई."

"तुमच्या प्रबंधासाठी नाई होत."

मी विचारलं, "मास्तरांना माहीत होतं?"

"त्याईनंच हात पुढं केला. घे म्हने रक्त, पाहून घे. पन काय दिसलं ते एकडाव बी विचारलं नाई. म्या बी सांगतलं नाई. फकत म्हनलं, घरी चलता का? तर चपला घालून उभेच राह्यले. दोन महिने घरी होते. अंगनात बसून पोराईचे पाढे घेत."

मला माफी मागायची होती. त्यांनी ती मागू दिली नाही. उठून चहाचं आधण ठेवलं.

२००२ साली मी वर्धा सोडलं. दर दिवाळीला आंजीला जायचं ठरवायचो, आणि दर दिवाळीला काहीतरी आड यायचं. चार वर्षांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, तेही जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत. ताईंचं हृदय झोपेतच थांबलं होतं, आणि त्याला महिना होऊन गेला होता.

मी तेव्हा बंगळुरूला होतो. पत्र वाचून प्रयोगशाळेत बसून राहिलो. कुणाशी तरी वऱ्हाडीत दोन शब्द बोलावेत असं फार वाटलं. पण तिथं ती बोली कुणाला येत नव्हती. शेवटी मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "ताई, काऊन गेल्या?"

उच्चार साताऱ्याचाच आला. दुरुस्त करायला कुणी नव्हतं.