थांबाबाईंचा अर्धा डीबी

प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटालाच ठाऊक. बाकी सगळे त्यांना थांबाबाई म्हणत. कोणी घाईघाईने एखादं यंत्र चालू करून आकडा टिपायला निघालं, की टेबलामागून आवाज यायचा, "थांबा." यंत्र चालू केल्यावर निदान अर्धा तास तरी तापू द्यायचं आणि मगच त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा, हा बाईंचा दंडक. साहेब आले तरी दंडक तोच, आणि साहेबांचे साहेब आले तेव्हा तेही अर्धा तास चहा पीत बसले होते.

घरीही यातून सुटका नव्हती. बाईंचे नवरोजी शहरात बस चालवत. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी काही कुरकुर केली, की बाई स्वयंपाकघरातून म्हणत, "थांबा, आधी तापा जरा."

"अगं, मी माणूस आहे की मशीन?"

"मशीन असतात तर बरं झालं असतं. वर्षातून एकदा तपासून स्टिकर तरी लावलं असतं."

बाईंचा धंदाच तो. बोटींवरचे वायरलेस, टॅक्सीवाल्यांचे रेडिओ, विमानतळावरचे संच, हे सगळं दुरुस्त करणाऱ्यांकडे लहरी तयार करणारे जनरेटर आणि त्या मोजणारी यंत्रं असतात. पण मोजणाऱ्याचं मोजमाप कोणी करायचं? तर ते बाईंनी. दुकानदार तराजू तपासून घेतो ना, तशी ही यंत्रं वर्षातून एकदा त्यांच्या टेबलावर येत. एका गाद्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, निळं रबर पसरलेलं लांबलचक टेबल, भिंतीवर तापमान दाखवणारी डबी आणि अंगातली स्थिर वीज यंत्रांना बाधू नये म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधून बसलेल्या बाई. यंत्र बरोबर निघालं तर हिरवं स्टिकर, नाही तर लाल. स्टिकर टपाल तिकिटापेक्षा थोडंसं मोठं, त्यावर तारीख आणि खाली एका सहीपुरती जागा. सही बाईंची.

या सहीचा दरारा होता. "बाईंचं स्टिकर आहे ना? मग बघायला नको," असं म्हणून लोक यंत्र सरळ कामाला लावत. बाई वरवर "छे, त्यात काय" म्हणायच्या, पण हे वाक्य कानावर पडलं की त्या दिवशी त्यांची चाल बदलायची. नाकावर माशी बसू न देणारा माणूस होता हा, आणि बावीस वर्षांत बसलीही नव्हती.

टेबलावर बाईंचे दोन जिवलग होते. पहिले आजोबा. आजोबा म्हणजे एक करडा, जड, कोपरे झिजलेला लोखंडी डबा. त्याचं काम एकच, कायम तेवढीच ताकद असलेला संदेश सोडत राहायचं. दर सोमवारी बाई सगळ्यात आधी आजोबांना मोजत आणि आकडा वहीत लिहीत. आकडा गेल्या सोमवारसारखाच आला की आपलं मीटर ठिकाणावर आहे हे कळायचं, आणि मग आठवडा सुरू.

दुसरा जिवलग अंगठ्याएवढा. पितळेचा एक ॲडॅप्टर. ताकद मोजणाऱ्या सेन्सरच्या तोंडावर तो कायम बसवलेला असे, म्हणजे दिवसभर केबली लावताना-काढताना जी झीज व्हायची ती त्याची होईल आणि महागड्या सेन्सरचं तोंड शाबूत राहील. बाईंना हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी निवृत्तीच्या दिवशी तो त्यांच्या तळहातावर ठेवला होता. "हा घे," एवढंच म्हणाले होते. बाईंच्या लेखी तो आशीर्वाद. दरवर्षी सेन्सर मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जायचा, तेव्हा त्या ॲडॅप्टर काढून रुमालात गुंडाळून खणात ठेवत. मास्तरांच्या वस्तूची कसली परीक्षा घ्यायची?

आणि एका मंगळवारी फोन आला. पलीकडे बंदराजवळच्या वायरलेस कारखान्यातला इंजिनिअर. याला सगळे दाढीवाला म्हणत, कारण दाढीखेरीज त्याचं फारसं काही दिसतच नसे.

"मॅडम, तुमच्याकडून जनरेटर तपासून आला. पण तो अर्धा डीबी जास्त देतोय."

डीबी म्हणजे डेसिबल, ताकदीचं माप. अर्धा डीबी जास्त म्हणजे शंभराची ताकद मागितली तर एकशे बारा हातात येते.

"तापू दिलात का?"

"दीड तास."

 बाईंच्या भात्यातला पहिला बाण वाया गेला होता. "पाठवून द्या," त्या म्हणाल्या.

जनरेटर आला. बाईंनी तापवला, मोजला, आकडा अगदी नेमका. परत पाठवला. चार दिवसांनी तो पुन्हा टेबलावर, सोबत दाढीवाल्याने काढलेला आलेख आणि त्याखाली नम्र अक्षरात, 'कृपया पुन्हा पाहावे.' बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं स्टिकर लावलेलं यंत्र कोणीतरी बसून पुन्हा मोजतो म्हणजे काय?

"ताई, त्याचंच मीटर बिघडलं असणार," साहेब म्हणाले. "सोडून द्या."

पण बाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याचं मीटर बिघडलं असेल तर ते त्याला त्याच्या टेबलावर दाखवून द्यायचं, असं ठरवूनच त्या निघाल्या. मीटर, सेन्सर आणि जनरेटर भरलेली पेटी मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. बस नेमकी नवरोजींचीच होती. आरशातून पेटीकडे बघत ते म्हणाले, "तिचं तिकीट काढलंस का?" बाई हसल्या नाहीत, यावरून प्रकरण गंभीर आहे हे त्यांनी ओळखलं आणि वळणं हळू घेतली.

कारखान्यात रंगाचा आणि तेलाचा वास होता. दाढीवाल्याने टेबल पुसून ठेवलं होतं. अर्धा तास तापवणं झालं, चहा झाला आणि दोघांनी एकाच जनरेटरवर आपापलं मीटर लावून पाहिलं. दोघांचा आकडा वेगळा. फरक अर्धा डीबी.

"सगळं बदलून बघू या का?" दाढीवाल्याने विचारलं.

"थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाही तर चोर कोण ते कळतच नाही."

आधी केबल बदलली. फरक तसाच. मग विजेचं सॉकेट बदललं. तसाच. मग त्याचा सेन्सर बाईंच्या मीटरला लावला, तेव्हा बाईंचं मीटर मुकाट्याने दाढीवाल्याचा आकडा दाखवू लागलं. म्हणजे बाईंचं मीटर ठीक. चोर बाईंच्या सेन्सरच्या बाजूला.

"सेन्सर गेल्याच महिन्यात मोठ्या प्रयोगशाळेतून आलाय," बाई म्हणाल्या. "दाखला आहे माझ्याकडे."

दाढीवाला थोडा घुटमळला. "मॅडम, त्याच्या तोंडावर तो ॲडॅप्टर आहे…"

"तो माझ्या मास्तरांचा आहे."

 बाईंचं वाक्य टेबलावर तसंच पडून राहिलं, आणि ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. कोणी यंत्र घेऊन आलं असतं आणि म्हणालं असतं, 'हे माझ्या मामांचं आहे,' तर बाईंनी त्याला हिरवं स्टिकर दिलं असतं का?

त्यांनी ॲडॅप्टर फिरवून काढला आणि सेन्सर सरळ जनरेटरला लावला. दोन्ही आकडे जुळले, दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत.

भिंग घेऊन त्यांनी ॲडॅप्टरच्या आत पाहिलं. मधल्या पिनेला धरून ठेवायला आत चार बारीक पाकळ्या असतात. त्यातली एक तुटून गेली होती. उरलेल्या तिघी जमेल तसं धरून होत्या.

आणि तेव्हा बाईंना आजोबा आठवले. चारेक महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारी आजोबांचा आकडा अचानक अर्धा डीबी कमी आला होता. बाई म्हणाल्या होत्या, "झालं, आजोबांचं वय झालं," आणि पेचकस घेऊन त्यांचा स्क्रू पिळून आकडा जागेवर आणला होता. आजोबा खरं सांगत होते आणि बाईंनी त्यांचाच कान पिरगाळला होता. त्या सोमवारपासून बाईंकडून गेलेला प्रत्येक जनरेटर अर्ध्या डीबीने जास्त देत होता, आणि प्रत्येकावर हिरवं स्टिकर होतं. बाईंना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुसऱ्या दिवशी वही काढून मोजलं. तेवीस यंत्रं.

साहेबांचं धाबं दणाणलं. "ताई, अर्ध्या डीबीने कोणाची बोट बुडत नाही. पुढच्या वर्षी येतील तेव्हा हळूच बरोबर करून देऊ. आत्ता बोभाटा केला तर यापुढे तुमच्या सहीला कोण विचारणार?"

बाईंना हीच भीती रात्रभर छळत होती. बावीस वर्षांत जमवलेलं दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? पण भीती दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती त्यांना फारच केविलवाणी वाटली.

"सही माझी आहे ना? मग ती खोटी पडली हे सांगायचा हक्कही माझाच."

"मग फोनही तुम्हीच करा," साहेबांनी हात टेकले.

दाढीवाल्याला ठाऊकच होतं, उरलेल्यांना बाईंनी बावीस फोन केले. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "माझी चूक झाली, यंत्र परत पाठवा." टॅक्सी रेडिओवाला म्हणाला, "अहो, तपासून आल्यापासून झकास चाललंय, राहू द्या की तसंच." विमानतळावरच्या मॅडमनी शांतपणे तारीख लिहून घेतली. एकाने दहा मिनिटं नुसती खरडपट्टी काढली आणि चूक दुरुस्त करून घेतल्यावर आपली सगळी यंत्रं दुसरीकडे नेली. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदाही 'थांबा' म्हणाल्या नाहीत. शेवटचा फोन ठेवून त्या आजोबांपाशी गेल्या, नवा ॲडॅप्टर लावून त्यांचा स्क्रू होता तिथे परत आणला आणि फडक्याने त्यांचं टक्कल पुसून दिलं. "चुकले हो," त्या हळूच म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनी ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं.

सगळ्यात अवघड भेट रविवारची होती. नवरोजींना सोबत घेऊन त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर अंगणात कुंड्यांना रंग देत होते. बाईंनी रुमाल सोडून ॲडॅप्टर पुढे केला आणि सगळं सांगितलं. 

मास्तरांनी ॲडॅप्टर उन्हात धरून पाहिला. "पोरी, हा अजून वापरत होतीस?"

"तुम्ही दिला होतात ना."

"अगं, नमुना म्हणून दिला होता! असाच नवा मागव म्हणून. तेव्हाच जुना झाला होता तो."

बाई हातातल्या रिकाम्या रुमालाकडे बघू लागल्या.

"दर दोन वर्षांनी बदलत होतो मी. माझ्यावर विश्वास ठेवलास ते ठीक, पण माझ्या पितळेवर कशाला ठेवलास?"

"मास्तर," नवरोजी म्हणाले, "आमच्या लग्नाचा फोटो धूळ खात पडलाय, पण हा अकरा वर्षं जपून रुमालात गुंडाळला जातोय." मास्तर खो खो हसले, मास्तरीणकाकू आतून बाहेर येऊन कारण न विचारताच हसल्या, आणि बाईही हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते सगळं हसण्याचंच नव्हतं.

महिन्याभरात बावीस यंत्रं येऊन गेली. तेविसावा दाढीवाल्याचा जनरेटर बाई स्वतः घेऊन गेल्या. त्याने कागदावर पोच लिहिली आणि जनरेटर उचलून सरळ फळीवर ठेवायला निघाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मोजा."

"मॅडम, आता काय मोजायचं? तुम्ही जातीने आणलाय."

"म्हणूनच मोजा."

अर्धा तास जनरेटर तापत राहिला.  हात धुऊन, भिंगातून चारचारदा पाकळ्या बघून, आजोबांना विचारून बाईंनी हे काम केलं होतं, तरी वाटत होतं, आलाच फरक तर? दाढीवाल्याने स्वतःचा सेन्सर लावला, वाकून आकडा वाचला आणि मीटर फिरवून त्यांच्याकडे केलं. आकडा जागच्या जागी होता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. जनरेटरवर स्टिकर नव्हतंच अजून. ते त्यांनी पर्समधून काढलं, नीट चिकटवलं, सही केली आणि पेन दाढीवाल्यापुढे धरलं.

"खाली तुमचीही करा."

जागा एकाच सहीची होती, म्हणून त्याने बारीक अक्षरात केली.