आईच्या शाखेचा नवा कोड

आमच्या हिला कोणाचाही हेवा वाटत नाही, असं ती स्वतः सांगते. शेजारणीनं नवं कपाट घेतलं, खुशाल घेऊ दे. समोरच्या शिंप्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागते, लागू दे. हिनं आपलं सगळं जळणं एकाच माणसासाठी राखून ठेवलं आहे, आणि ते माणूस म्हणजे हिची सख्खी धाकटी बहीण.

ही कपडे दुरुस्त करते. पॅंटा आखूड करणं, चेन बदलणं, बारीक झालेल्या माणसांचे कोट आत घेणं आणि जाड झालेल्यांचे सोडणं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल आणि भिंतीला लागून हिच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा पलंग. कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई आमच्याकडेच आहेत. मागची खोली शांत आहे, पण तिथं त्यांना करमत नाही. त्यांना येणारंजाणारं माणूस लागतं. त्यांचं उठणं-बसणं, आंघोळ, औषधं, रुसवे, सगळं ही एकटी बघते. मी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मशीनला तेल घालतो आणि बटणं रंगाप्रमाणे वेगळी करतो. त्याहून जबाबदारीचं काम मला कोणी देत नाही.

धाकटी लांबच्या शहरात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. दर महिन्याच्या सुरुवातीला ती आईच्या खात्यात पैसे पाठवते. पैसे आले की सासूबाईंच्या फोनवर मेसेज येतो, आणि मग घरात जो सोहळा सुरू होतो तो आठवडाभर चालतो. सासूबाई आधी मला मेसेज वाचायला लावतात. मग चष्मा लावून स्वतः वाचतात. मग माप द्यायला हात पसरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दाखवतात. धाकटीनं पाठवले म्हणतात, एवढ्या लांबून, एक महिना चुकवत नाही. तेव्हा हिच्या तोंडात टाचण्या असतात म्हणून बरं.

एकदा तर हिनं कहर केला. दुपारची गोळी आईच्या हातावर ठेवली आणि बँकेच्या थाटात म्हणाली, "आपल्या खात्यात एक गोळी जमा झाली आहे. पाठवणार, थोरली." मला हसू आवरेना. सासूबाईंनी गोळी गिळली आणि विचारलं, धाकटीचा फोन येऊन गेला का. त्यावर हिचा असा तिळपापड झाला की त्या दिवशी शिवलेले सगळे कपडे दुसऱ्या दिवशी उसवावे लागले.

"मी आईच्या पाठीवर पाणी घालते, त्याचा मेसेज येत नाही," ती मला म्हणाली. "आणि आमच्या बाईसाहेबांनी तिकडे एक बटण दाबलं की इकडे बोभाटा. मी सरळ सांगते, जळते मी तिच्यावर."

गंमत अशी की ते पैसे सुखरूप पोचत होते ते हिच्याचमुळे. सुरुवातीला धाकटी नुसत्या खाते क्रमांकावर पैसे पाठवायला निघाली होती. हिनं तिला थांबवलं. त्याच बँकेच्या गावोगाव शाखा, कुठल्या शाखेत पैसे जायचे ते कोडवरून ठरतं, असं समजावलं. चेकबुकावरचा कोड अक्षर न् अक्षर वाचून दाखवला, तिच्याकडून परत म्हणवून घेतला, कोड टाकल्यावर आपल्याच शाखेचं नाव दिसतंय ना ते बघायला लावलं. वर आणखी बजावलं, की आधी थोडी चिल्लर टाक, ती पोचली असं मी सांगितलं की मगच बाकीचे पाठव. कापडाला कात्री लावण्याआधी पुन्हा एकदा टेप धरायची हिची सवयच आहे. बहिणीवर कितीही जळली तरी आईच्या पैशांच्या वाटेत ही येणार नाही, अशी माझी खात्री होती.

मग आमच्या गल्लीच्या टोकाची शाखा बंद होऊन बाजारातल्या मोठ्या शाखेत मिसळली. काचेच्या दारावर कागद लागला. ही आत जाऊन चौकशी करून आली. काउंटरवरच्या मुलीनं नीट सांगितलं होतं, खाते क्रमांक तोच राहील, शाखेचा कोड बदलेल. जुना कोड महिनाअखेरपर्यंत चालेल, त्यानंतर त्या कोडवर पाठवलेले पैसे पाठवणाऱ्याकडे परत जातील. तेव्हा या खात्यात जे कोणी पैसे भरतात त्यांना आजच कळवा, आणि फोनवरून कोणी कोड बदलून देतो म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका.

धाकटीला कळवलंस का, मी विचारलं. कळवते की, घाई काय आहे, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर माझ्या बटणांच्या डब्यात किती गोंधळ आहे यावर भाषण ऐकावं लागलं. मी मूग गिळून बसलो. बायको आणि मेहुणी यांच्या मध्ये पडायला मी काही नवा नवरा नाही.

नवा महिना लागला. सासूबाईंनी फोन उशाशी घेतला. एक दिवस गेला, दुसरा गेला, मेसेज काही आला नाही. ही मात्र इतकी खुशीत, की कोटाची बाही लांब झाली म्हणून भांडायला आलेल्या माणसालासुद्धा तिनं चहा विचारला. मध्येच हिच्या फोनवर धाकटीचा फोन आला. पैसे परत येतायत, पुन्हा पाठवले तरी परत आले, आईला सांगू नकोस, घाबरेल, पण बघ जरा काय झालंय. हातात काम आहे, बघते, म्हणून हिनं फोन ठेवला. आणि बघितलं नाही.

हिला काय हवं होतं ते मला दिसत होतं. आईनं एकदा, फक्त एकदा म्हणावं, की लांबची ती लांबचीच, माझं करणारी तूच. त्यासाठी ही पलंगाभोवती घुटमळायची, नीट असलेली उशी पुन्हा नीट करायची, आणि सहज विचारल्यासारखं विचारायची, का गं आई, या खेपेला काही आलं नाही वाटतं, विसरली असेल.

आठवडा संपता संपता सासूबाईंनी हिला जवळ बोलावलं. कात्री टाकून ही लगबगीनं जाऊन बसली. मला वाटलं, झालं हिच्या मनासारखं.

"ती विसरायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिची नोकरी गेली असणार. आपल्याला सांगायची नाही ती. आजवर तिनं पाठवलेले मी मोडले नाहीत, खात्यात आहेत तसेच आहेत. ते सगळे तिला पाठवून दे. तुला ते कोडबिड कळतं."

हिचा आवाज चढला.

"आणि मी? मला काही होत नाही का गं? कधी एका शब्दानं विचारलंस?"

सासूबाई गोंधळल्या. "तुला काय विचारायचं?" म्हणाल्या. "तू दिसतेस की मला."

त्यावर हिनं सगळं सांगून टाकलं. नोकरीबिकरी काही गेलेली नाही, शाखेचा कोड बदललाय, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, मी मुद्दाम कळवलं नाही. सासूबाई रागावल्या असत्या तर हिला बरं वाटलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, की मग आता कळव, पोर तिकडे जीव मुठीत धरून बसली असेल. पोर म्हणजे अर्थातच धाकटी.

दुसऱ्या दिवशी सकाळचं सगळं आवरून हिनं फोन लावला. हात कोटाच्या अस्तरात अडकलेले होते म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. नवा कोड वाचून दाखवला, परत म्हणवून घेतला, शाखेचं नाव विचारलं. चिल्लर आली. मग दोरा तोडता तोडता म्हणाली, मला आधीच माहीत होतं, तुझं कौतुक ऐकून ऐकून कंटाळले होते म्हणून नाही कळवलं.

मग धाकटी म्हणाली, की तिनं नेटवर बँकेचा नंबर शोधून फोन केला होता. तिकडचा माणूस फार गोड बोलला. नवा कोड मीच घालून देतो, तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा तेवढा सांगा, म्हणाला. ती सांगणारच होती, पण ताईला विचारून सांगते म्हणाली, तर तो चिडला. तेव्हा तिला संशय आला.

हिची सुई अस्तरातच राहिली.

"कौतुक कसलं गं, ताई," धाकटी म्हणाली. "मी आईला फोन करते, तर अर्धा वेळ ती तुझ्याशीच बोलत असते. थांब गं, ही आली, ही जेवायला बोलावतेय, असं चाललेलं असतं तिचं. आत्ता काय करतेय आई?"

"उन्हात केस वाळवतेय."

"कोणी धुतले?"

"मीच. आणखी कोण धुणार?"

"मी तिच्या केसांना शेवटचा हात कधी लावला, आठवतसुद्धा नाही," धाकटी म्हणाली. "मला तुझा इतका हेवा वाटतो."

हिनं माझ्याकडे बघितलं. मी बटणांत डोकं घातलं.

"मग ये की," ही फोनवर खेकसली. "रजा काढ आणि ये. तूच धू तिचे केस. पाठ मोडेपर्यंत धू."

फोन ठेवल्यावर कोट तसाच टेबलावर टाकून ही उठली. मला म्हणाली, "बघा तुम्ही, ती आली की आई माझ्याकडे ढुंकूनसुद्धा बघणार नाही." आणि धाकटीच्या अंथरुणासाठी चांगली चादर काढायला मागच्या खोलीत गेली.