पितांबरनानांनी पुजलेलं सरकारी कुलूप

पितांबरनानांना कोणी चोर म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. धुळ्याच्या ज्या पाइप कारखान्यात मी कारकून होतो, तिथलं गोदाम नाना नऊ वर्षं सांभाळत होते. माणूस सोनगीरचा, बोलायला तिखट, हाताचा स्वच्छ.

१९८६ साली त्या गोदामाला बॉन्डचा परवाना मिळाला. म्हणजे परदेशातून आलेला प्लास्टिकचा दाणा सरकारी कर भरेपर्यंत तिथे ठेवायचा. मग दाराला दोन कुलपं आली, एक आमचं, एक कस्टमचं. कस्टमच्या कुलपावर त्यांच्या साहेबाच्या सहीचा कागद, म्हणजे सील, चिकटवलेला असायचा. कागद शाबूत तर माल शाबूत, असा नियम.

आली खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची, ही आपली रीत. नानांनी वजनकाटा पुजला, हातगाडी पुजली आणि दोन्ही कुलपांनाही हळद-कुंकू वाहिलं. सरकारी कुलूप म्हणून त्याच्यावर नारळाचं पाणी जरा जास्तच शिंपडलं. सहीची शाई पार फुटली.

दसऱ्यानंतर साहेब आले आणि कागद बघून भडकले. सील फोडलं म्हणाले.

"पूजा करी मी, साहेब. कुलूप उघाडं नही," नाना म्हणाले.

दोन दिवस मोजणी चालली. चारशे बारा गोण्या होत्या, चारशे बाराच भरल्या. एखाद्याला लाज वाटली असती. पण साहेबांना कबुलीची सही हवी होती आणि मालकांना परवाना. नानांपुढे पत्र ठेवलं: सीलशी छेडछाड झाली, जबाबदारी माझी.

नानांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग मालकांना म्हणाले, "बठ्ठ्या गोण्या पुऱ्या शेतस, हाई बी लिखा."

"गोण्या पुऱ्या असतील, तो विषय नाही, नाना."

मग विषय कुठला होता? कुलूप काय कागद सांभाळायला लावतात? नानांनी सही केली नाही. मालकांनी त्याच पत्रावर 'सही करण्यास नकार' असा शेरा मारला आणि त्यांना घरी बसवलं. पुढे जिथे काम मागायला गेले तिथे सील फोडणारा म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. शेवटी सोनगीरला जाऊन दुसऱ्यांच्या शेतात राबले.

सगळ्यांवर दात-ओठ खातो मी. पण ते पत्र मीच टाइप केलं होतं. गोण्यांची एक ओळ घालायला मला कोणी मनाई केली नव्हती.