मोठ्या बाईंचा उन्हातला वर्ग

देवळाच्या पायरीशी आल्या की मोठ्या बाई पदराचं टोक दोन बोटांत धरून बघायच्या. ते हलो न हलो, म्हणायच्या, "वारा झकास सुटलाय. चला रं, आज शाळा भाईर." पोरं दप्तरं काखोटीला मारून लिंबाखालच्या पाराकडं पळत सुटायची. लिंबाचं पान हलत नसताना या बाईंना वारा कुठून लागतो, हे कोडं मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पडलं.

मी माधवनगरची, गिरणीकामगाराची मुलगी. सत्तर सालानंतर लवकरच मला नेमणूक मिळाली ती थेट माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढं. शाळा चौथीपर्यंत, शिकवायला आम्ही दोघी, आणि इमारत म्हणजे मारुतीचं देऊळ. सभामंडपात डावीकडं माझी पहिली-दुसरी, उजवीकडं बाईंची तिसरी-चौथी. त्यांचा वर्ग मोठ्यानं पाढे म्हणायचा, त्यामुळं माझ्या पहिलीच्या पोरांना अक्षरांआधी तेराचा पाढा आला. बाईंना त्याचं फार कौतुक होतं, मला नव्हतं.

कोडं सुटलं ते माझ्या अडचणीचे दिवस आले तेव्हा. त्या दिवसांत बाईमाणसानं देवळात पाऊल टाकायचं नाही, आणि माझी तर शाळाच देवळात. पायरीखाली चुळबुळत उभी होते. बाईंनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, पदराचं टोक धरलं आणि म्हणाल्या, "आज वारा तुज्या वर्गाला हाय गं. ने तुजी पोरं भाईर." तेव्हा मला बाईंचा वारा कळला.

पुढं धीर करून एकदा विचारलं, "बाई, तुम्ही हे मानता?"

"मी मानती का न्हाई, ते मारुतीला ठावं हाय. पर बाई तसल्या दिसांत आत शिरली असं गावात झालं, तर दुसऱ्या दिशी समद्या पोरी घरात. मग मी काय खांबांना शिकवू?"

गावाला हे सगळं माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. गुरव तर बाईंनी पदर धरला की न सांगता फळा उचलून पाराशी नेऊन ठेवायचा. माणात पाऊस नाही म्हणून सगळा तालुका हळहळायचा, आमच्या मात्र ते पथ्यावर पडायचं. उन्हाचं काय? दुपारी सावली सरकली की बाई पोरांना सावलीत घ्यायच्या आणि स्वतः उन्हात उभ्या राहायच्या. एकदा भोवळ येऊन खाली बसल्या. पोरांनी पाणी आणलं तर घोटभर पिऊन म्हणाल्या, "कितवा प्रश्न चालला हुता?"

शाळेला दोन खोल्या हव्यात म्हणून त्या चार वर्षं सरपंचांच्या मागं लागल्या होत्या. चावडीमागं गावची जागा होती, पण तिच्यावर सरपंचांच्या कडब्याची गंज उभी होती. सरपंच लष्करातून सुभेदार होऊन आलेले. माणूस वाईट नव्हता, पण अडून बसला की बसला. "बाई, देवळात काय कमी हाय? फरशी हाय, सावली हाय, वर देवाचं ध्यान हाय," यापुढं त्यांची गाडी सरकायची नाही. बाई हसून म्हणायच्या, "बघू की. कडबा काय अमरपट्टा घिऊन आलाय व्हय?"

अशात तपासणीचा आठवडा आला. तपासणीला येणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबांना गाव अजून जुन्या सवयीनं दिपोटीच म्हणायचं. खोल्यांची गरज आहे की नाही, हे दिपोटी सांगणार होते. त्यांनी देवळाला चांगलं म्हटलं की खोल्यांचा विषय कायमचा मिटला. सरपंचांनी लगोलग देवळाला रंग दिला, ते काय उगीच नाही.

सोमवारी आम्ही पोरांची नखं काढली, मंगळवारी उवा. बुधवारी स्वागतगीत बसवलं. निम्मी पोरं एका सुरात, निम्मी दुसऱ्याच. मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं म्हना रं. आवाज चढला की चुकल्यालं कळत न्हाई." त्या आठवड्यात त्या सगळीकडं होत्या. तक्ते टांगत होत्या, रडणाऱ्याचं नाक पुसत होत्या, आणि मधेच चौथीला भागाकार घालत होत्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाई पायरीशी आल्या आणि त्यांनी पदराचं टोक धरलं. मी पुढं झाले.

"बाई, आज?"

"आजच बघ."

"मग रजा टाका."

"आन् खोल्या कुनी मागायच्या? तू?"

गुरवानं फळा उचलला. तेवढ्यात सरपंच फेटा बांधून आले आणि फळा बाहेर बघून त्यांचा चेहरा उतरला. "आवं बाई, आज तरी आत बसा. आमी लय झाक केलंय."

"वारा चांगला हाय, सरपंच," बाई म्हणाल्या. सरपंचांनी एकदम लिंबाकडं बघायला सुरुवात केली.

साहेब आले, हार झाला, गीतही झालं. त्यांनी रंगवलेला मंडप निरखून बघितला आणि मग बाहेर बोट दाखवलं. "इतकी चांगली जागा असताना मुख्याध्यापिकेचा वर्ग उन्हात का?"

"बाईंना जरा हवेशीर लागतंय, सायेब," सरपंच घाईनं म्हणाले.

बाई पारावरून उतरल्या. पुस्तकातली भाषा त्या फक्त वर्गात बोलायच्या, त्या दिवशी साहेबांशी तीच बोलल्या. "साहेब, शाळा देवळात आहे आणि आम्ही दोघी बायका आहोत. महिन्यातले चार दिवस माझा वर्ग उन्हात असतो, चार दिवस यांचा. आज माझा आहे."

मी मान खाली घातली. गुरवानं घातली, सरपंचांनी घातली. बाईंची मान तेवढी वर होती. एवढ्या पुरुषांपुढं हे बोलायला त्या काळी काय काळीज लागायचं, ते माझ्या वयाच्या बायकांना वेगळं सांगायला नको. मला तर तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेब गुरवाला म्हणाले, "माझी खुर्ची बाहेर आणा." तपासणी पाराशीच झाली. दुपारी ऊन त्यांच्या डोक्यावर आलं तरी त्यांनी खुर्ची हलवली नाही, आणि साहेब उन्हात म्हटल्यावर सरपंचांनाही उन्हातच उभं राहावं लागलं. निघताना साहेबांनी सरपंचांना एवढंच विचारलं, "जागा कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गाड्या हलल्या. सरपंच स्वतः पाराशी आले. "आदी का न्हाई बोललासा, बाई?"

"चार वर्सं हितं बसून तेच सांगत हुती की."

पाया खणला, भिंती उठल्या. आणि मे महिन्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला, शिरवळकडं. जायच्या दिवशी गाडी यायला अवकाश होता, तर ट्रंक माझ्याजवळ ठेवून त्या खोल्या बघायला निघाल्या. मीही मागून गेले. छप्पर नव्हतं, दाराला चौकट नव्हती. बाई सरळ आत गेल्या, एका भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि रिकाम्या खोलीवर वर्गावर फिरवावी तशी नजर फिरवली.

"टेबल हितं ठेव," त्या म्हणाल्या. "हितनं मागच्या रांगेतली पोरंबी दिसत्यात."

मी टेबल तिथंच ठेवलं. त्या खोलीत बाईंनी एक दिवसही शिकवलं नाही. मी शिकवलं, कितीतरी वर्षं, महिन्याचे सगळे दिवस.