हिल्डाचे शनिवार

हिल्डा गेल्याचा फोन तिच्या भाचीनं, रीटानं केला. "टीचर, आत्या सकाळी गेली. चारला चर्चमध्ये मिस्सा आहे, वटारला." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला... रडू आलं नाही. आला तो राग, सहा वर्षं जुना.

हिल्डा आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची, मी मराठी. वटारच्या तिच्या घरात भाऊ, भावजया, पोरंबाळं. मोठा कॅनव्हास पसरायला जागाच नव्हती. नव्वदनंतर आम्ही वसईतच गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला, त्यातली आतली खोली रिकामी पडलेली. मीच म्हटलं, "शनिवारी ये माझ्याकडे." चार वर्षं ती येत राहिली. शाळा सुटली की यायची, कॅनव्हास जमिनीवर अंथरायची, चुना मारायचा रुंद ब्रश रंगात बुडवून बराच वेळ नुसती उभी राहायची आणि मग खांद्यापासून अख्खा हात फिरवून एकच फटकारा... झाड नाही, माणूस नाही, नुसता धावत गेलेला रंग. सोमवारीही तिच्या नखांत निळं काहीतरी अडकलेलं असायचं. टर्पेंटाइनच्या वासावरून शेजारी भांडले, आमचे हे कुरकुरले. मी सगळ्यांना तोंड दिलं.

मुंबईत तिचं एकटीचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा मी शाळेतून रजा काढली, रेशमी साडी नेसले. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतींवर ते फटकारे केवढे दिसत होते! माझ्या घरातून निघालेली चित्रं... कोणीतरी हिल्डाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती लाजत म्हणाली, "वसईत माझी चित्रं बघायला एकही माणूस नव्हता. मी एकटीच करत राहिले." टाळ्या झाल्या. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. हातातला कप तसाच ठेवून मी निघाले.

पुढच्या शनिवारी ती दारात हजर.

"न सांगताच गेलीस?"

"खोली आता आम्हाला लागते," मी म्हटलं.

ती आत गेली. मग ब्रश, डबे पिशवीत भरून जिना उतरली. तिनं कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानंतर स्टाफरूममध्ये आम्ही बोललो ते फक्त वेळापत्रकाबद्दल.

ती गेल्याला महिना झाला, त्या मिस्साला मी वटारला गेले. नंतर घरी रीटानं चहा आणला. मला राहवेना. "आत्या माझ्याबद्दल काही बोलायची का गं?"

रीटा अवघडली. "रागवू नका, टीचर. ती म्हणायची, हिनं खोली दिली, चहा दिला, पण चार वर्षांत एकदाही उंबरठा ओलांडून चित्र बघितलं नाही."

उलट बोलायला मी तोंड उघडलं... आणि आठवलं. एकदा ओल्या चित्राशेजारी बसून तिनं विचारलं होतं, "कसं वाटतंय गं?" मी दारातूनच म्हटलं होतं, "फरशीला डाग लागलाय बघ."

म्हणून राग गेला, असं नाही. माझं नाव घ्यायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिनं भरल्या सभेत गिळलं, आणि माझ्याकडे बघत गिळलं. पण त्या दिवशी मी रीटाला माळ्यावर ठेवलेली हिल्डाची चित्रं काढायला लावली. तिनं एक कॅनव्हास पडवीतल्या भिंतीला टेकवला. काळा, रुंद फटकारा, मध्येच तुटून पुन्हा सुरू झालेला. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"काय दिसतं, टीचर?"

"काही कळत नाही," मी म्हटलं.

ती चित्र उचलायला वाकली.

"राहू दे गं. अजून बघू दे मला."