मांजरपाटावरचं दुकान

मी उजेडानं भिंती रंगवते. हसू नका, पोटापाण्याचा धंदा आहे माझा. इमारतीचा फोटो घ्यायचा, तिच्या खिडक्या-दारं कॉम्प्युटरवर मापात आखायची आणि समोरून प्रोजेक्टरचा झोत सोडायचा, की रेघेवर रेघ बसते. शेंद्र्याला एका कारखान्याच्या भिंतीवर मोर नाचवला, तेव्हा लोक तोंडात बोटं घालून बघत होते. पण हात बसला तो गुलमंडीतल्या आमच्या कापडाच्या दुकानावर. सुट्टीच्या दिवशी बंद दारावर सराव करायचे.

मग रस्ता रुंद झाला आणि दुकान गेलं. मागची भिंत तेवढी राहिली. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याआधीच विसरायला व्हायला लागलं होतं. जेवलेलं विसरायचे, मला विसरायचे, पण दिवेलागणीला दुकानात दिवा लावायचा, हे मेलं विसरेनात! किल्ली घेऊन निघायचेच. उकरलेल्या रस्त्यात पडले, एकदा मलब्याच्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचले. दुकान पाडलंय म्हणून सांगितलं की लेकरासारखे रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं ऐकून पुन्हा तेवढंच. मी पार कातावले होते. एक दिवस असेच जातील, ही धास्ती वेगळीच.

शेवटी म्हटलं, दिवा लागलेला दिसला की माणूस आपसूक घरी फिरेल. उरलेल्या भिंतीवर मांजरपाटाचं कोरं कापड पडद्यासारखं ताणलं, समोर स्टँडवर प्रोजेक्टर ठेवला. सरावाच्या वेळचा, बंद दुकानाचा जुना फोटो होताच. दाराच्या वरच्या जाळीतून दिसेल, असा आतला दिवा मी त्या फोटोत काढला. स्वतःवरच खूश होते मी.

नाना आले आणि उभेच राहिले. तोंडभर हसले.

"बघा नाना, दिवा लागलाय. चला आता घरी."

"व्हय की गं," म्हणाले. मग चेहराच उतरला. "बाहेरून कुलूप हाय. आत दिवा ठेवून कुलूप कोन लावलं? कापड हाय ना आत!"

कापडवाल्याची लेक मी! दुकान बंद करताना दिवा आधी शांत करायचा, हे लहानपणापासून बघितलेलं. कसं सुचलं नाही मला?

नाना किल्ली घेऊन धावले. जवळ गेले तशी त्यांचीच सावली दारावर पडली आणि कुलूप नाहीसं झालं. मागं सरले की दिसायचं, पुढं झाले की गायब. "कुलूप कुठं गेलं? अगं, जळंल सगळं!" ते मांजरपाटावर मुठी आपटायला लागले. मी प्रोजेक्टर बंद केला.

मुठींनी मांजरपाट सुटून खाली आला होता; अंधारात ती फुटकी, काळी भिंत उरली. नाना तिच्याकडं बघत राहिले.

"जळालं," म्हणाले.

त्यानंतर ते कधी दुकानाकडं निघाले नाहीत. मला तेच हवं होतं. बाकी सगळं विसरतात, एवढं मात्र नाही. दिवेलागण झाली की माझ्याकडं बघून विचारतात, "दिवा तूच लावला होता ना, बाई?"

मी व्हय म्हणते.