आभाराचा पहिला नंबर

शेतातून घरी आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली दिसतात. आपण काही ती वेचायला गेलेलो नसतो. लेकरांचे किस्से तसेच. मी एकही जमवला नाही, चिकटले आणि घरी आले. आता बसल्या बसल्या एकेक काढतो आहे.

मी चौथी पास. जन्म गेला आर्वीत, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात. आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "दोन रविवार पोरं सांभाळा, फक्त ओरडू नका." बाई काही परत आल्या नाहीत. पाळकसाहेबही बदलून गेले, त्यांच्यानंतर आणखी चार आले. मला मात्र अजून कोणी सांगितलं नाही की तुमचे दोन रविवार झाले म्हणून. आणि ओरडायचं म्हणाल तर तेवढंच मला येतं.

*

आमच्या वर्गात शेवटची दहा मिनिटं आभाराची. एकेकानं उभं राहायचं आणि आठवड्यात मिळालेल्या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे. पूर्वी सगळे पोपटासारखे एकच म्हणायचे, "आईबाबांसाठी आभार." वीस पोरं, वीस वेळा. देवही कंटाळला असेल, मी तर कंटाळलोच.

म्हणून मी नेम केला. जे एकानं म्हटलं ते त्या दिवशी दुसऱ्यानं म्हणायचं नाही. आणि नंबर लागेल तो येण्याच्या क्रमानं.

झालं! आई आणि बाबा पहिल्या दोन नंबरांतच संपायला लागले. त्यासाठी पोरं उपासनेच्या दोन तास आधी गेटवर. मोठ्यांची मंडळी अजूनही दुसऱ्या गीताला येते, तिथं माझा नेम चालत नाही.

सगळ्यात हाल शिमोनचे. अंगानं गोल, चालीनं बैल, कायम शेवटचा. एका रविवारी त्याच्यापर्यंत नंबर आला तोवर ऊन, पाणी, एसटी, आइस्क्रीम, नवीन चप्पल, सगळं संपलेलं. तो उभा राहिला. छताकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

"देवा, काकाजी आज आंघोळ करून आले, त्यासाठी आभार."

एवढं जोरात आमेन आमच्या चर्चमध्ये नाताळलाही होत नाही.

*

पहिला नंबर कायम योएलचा. त्याचं घर चर्चच्या भिंतीला लागून, त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. पण डोकं तेज. देवाला मनातलं साफ सांगावं असं मी शिकवलं, तर पठ्ठ्यानं सगळ्यांसमोर डोळे मिटून मागितलं, "देवा, आमच्या गणिताच्या मॅडमले ताप येऊ दे. थोडासाच." दुसऱ्या दिवशी चाचणी होती.

मी कान पिळला. म्हटलं, देवाजवळ असलं मागत नाहीत.

पुढच्या रविवारी तोंड पाडून आला. मॅडम खरंच तापानं पडल्या होत्या, आठवडाभर शाळेत नव्हत्या. म्हणाला, "काकाजी, आता उतरवाचा कसा?"

सगळा वर्ग गुडघ्यांवर बसवला. मॅडम सोमवारी उठल्या आणि मंगळवारी चाचणी घेतली. त्यानंतरच्या रविवारी योएल उभा राहिला. "मॅडम बऱ्या झाल्या त्यासाठी आभार." खाली बसला, परत उठला. "फक्त त्याच्यासाठीच."

*

आता रूथ. नऊ वर्षांची, रोहण्याकडच्या खेड्यातून येते. घरची भाजीची शेती, आईबाप रविवारी टेम्पोतून माल आणून आर्वीच्या गुजरीत, भाजीबाजारात, बसायचे आणि पोरीला आमच्याकडं सोडायचे. बोलायची कमी, पण बोलली की माझी पंचाईत.

मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होतो. शंभर मेंढरं, एक हरवलं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला गेला. रूथनं हात वर केला. "काकाजी, नव्व्याण्णव कोणाच्या भरवशावर सोडून गेलता तो? लांडगा आला म्हंजे?"

मी पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले यावर एक आख्खं प्रवचन द्यावं लागेल. म्हटलं राहू द्या.

पुढच्या रविवारी पोर उत्तर घेऊनच आली. "बाबा म्हणते, जी हरवली ती गाभण असन. नाईतर एवढ्या उन्हाचं कोण जाते?"

असा तिचा बाप. शिकलेला नाही, पण तीस वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं प्रवचन. गुजरीत दिसला की भाजीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्तीचा टाकायचा आणि विचारायचा, "काय काकाजी, पोरगी अजून ऐकून घेते का तुमचं?"

*

त्या वर्षीच्या पावसाळ्यात रूथच्या बापाला कावीळ झाली. वर्ध्याला दवाखान्यात ठेवला. आमच्या पोरांनी दर रविवारी प्रार्थना केली. शिमोनसुद्धा वेळेवर येऊ लागला होता.

तो काही घरी आला नाही.

महिनाभरानं रूथ वर्गात आली. तिचा नंबर आला तसं उभी राहिली. म्हणाली, "माह्याजवळ काही नाई." आणि बसली.

पाळकसाहेब दारात उभे होते. भला माणूस. वर्ग संपल्यावर मला म्हणाले, दुःखातही आभार मानावेत असं लेकरांना शिकवलं पाहिजे, आपण तिला हळूच समजावू. मी म्हटलं, "साहेब, मोठ्याइले तुम्ही शिकवा. हिले मी काही शिकवत नाई."  पुढच्या रविवारपासून तिचा नंबर आला की मी न विचारता पुढच्याला उठवू लागलो.

पण अडचण वेगळीच होती. ती माझ्याच नेमातून निघालेली. दर रविवारी योएल पहिला उठणार आणि म्हणणार, "बाबाइनं सायकल घेतली, त्यासाठी आभार." "बाबाइनं नदीवर नेलं, त्यासाठी आभार." तो काही मुद्दाम करत नव्हता. बाप चांगला आहे तर म्हणणारच. पण बाबा तिथंच संपायचे. आणि तिकडं रूथ फरशीवरच्या रेघा बोटानं गिरवत बसायची.

घरी म्हातारीला, म्हणजे बायकोला, म्हटलं, बाबा हा शब्दच बंद करून टाकतो वर्गात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग काय, वीस पोराइचे बाप लपवून ठेवता का?"

गुजरीत आता रूथची आई एकटीच बसते. एका रविवारी मला म्हणाली, पोरगी यायचं नाही म्हणते, कापणीच्या सणापर्यंत पाठवते, मग तिची मर्जी. मी मेथीची जुडी घेतली आणि निघालो.  वर्गातून पोरं गेलेली आहेत. कोणी नोकरीला, कोणी लग्न होऊन. आभारापायी कोणी गेलेलं नाही.

*

कापणीच्या सणाला आमच्याकडं प्रत्येकानं आपल्या शेताघरातलं काही आणून देवापुढं ठेवायचं. तूर, सोयाबीन, भोपळे, पपया. रूथनं टोपलीभर वांगी आणली, न बोलता ठेवली. शिमोननं आणली जिवंत कोंबडी. पाय बांधून व्यासपीठाखाली ठेवली.

पाळकसाहेब संयमावर बोलत होते. चांगलं रंगात आले होते. तेवढ्यात कोंबडी ओरडायला लागली ती थांबेचना. शिमोन पुढं गेला, वाकून पाहिलं आणि सगळ्या मंडळीला कळवलं, "अंडं देल्लं."

उपासना संपल्यावर कमिटीत वाद. एक म्हणाले, कोंबडी देवाची तर अंडं देवाचं. दुसरे म्हणाले, दान दिलं तेव्हा अंडं आतच होतं, ते दानात मोजलंच नव्हतं. शिमोनचं म्हणणं सरळ होतं, "मी कोंबडी देल्ली. अंड्याचं माहं बोलणंच झालं नाई." अर्धा तास पाच मोठी माणसं त्या अंड्याभोवती उभी. शेवटी पाळकसाहेबांनीच ते उचलून शिमोनच्या हातावर ठेवलं, तर हातातच फुटलं!

मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. वळून पाहिलं तर रूथ. ओढणी तोंडात कोंबलेली.

मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं.

*

त्याच्या पुढच्या रविवारी ती येते की नाही याची खात्री नव्हती. सात वाजता किल्ली घेऊन चर्चला गेलो, तर पायरीवर पोर बसलेली. माल घेऊन येणाऱ्या टेम्पोतून आईसोबत अंधारातच निघाली होती. कुलूप लावलेल्या दाराला पाठ टेकून.

"काऊन वं, एवढ्या लवकर?"

"पहिला नंबर लावाचा होता."

योएल नेहमीसारखा ऐटीत आला, तिला पाहिलं आणि गुपचूप मागं बसला. मी त्या दिवशी काय शिकवलं ते विचारू नका, मला आठवत नाही. शेवटची दहा मिनिटं आली. रूथ उभी राहिली. फ्रॉक खाली ओढला.

"माह्या बाबासाठी आभार."

  ती शांतपणे बसली.

मग योएल उठला. तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहत होतो.

रूथनं मान वळवली आणि त्याला म्हणाली, "तुले बाबाच पाहिजे असन, तर पुढच्या रविवारी लवकर येजो."